निवडलेले तुकडे

सोमवार, १२ जून १९७८

आजपासून लिहायचे ठरवले. दवाखान्यातल्या माणसांविषयी दवाखान्यात बोलता येत नाही, आणि खोलीवर बोलायला कोणी नाही.

माझे काम सोलापूरच्या दवाखान्यात, दुर्बिणीच्या खोलीत. ही दुर्बीण आकाश बघायची नव्हे. जपानहून आलेली काळी, लवचीक नळी आहे. तिच्या पोटात केसाहून बारीक काचेचे हजारो तंतू आहेत. ती रोग्याच्या तोंडातून जठरात उतरवतात आणि चिंतामणी डॉक्टर बाहेरच्या टोकाला डोळा लावून आतले पाहतात. संशय आला तर तिच्यातूनच एक लांब चिमटा घालून मांसाचे बारीक तुकडे काढतात. ते तुकडे बाटलीत भरून एस.टी.च्या पार्सलाने पुण्याला तपासणीस पाठवणे, नळी धुणे, वाळवणे आणि रजिस्टर लिहिणे ही माझी कामे. मॅट्रिकला मी इंग्रजीत नापास झालो, पण या दवाखान्यात माझ्याइतके शुद्ध मराठी कोणी लिहीत नाही. डॉक्टरही नाहीत.

आज सहा रोगी. सगळ्यांना बजावले होते, आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको. बार्शीचा एक अडत्या सकाळी देवळात जाऊन तीर्थ आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा घेऊन आला. विचारले तर म्हणतो, "ते खाणं न्हवं, परसाद हाय." डॉक्टरांना आत खोबरे तरंगताना दिसले. ते हसले आणि त्याला उद्या यायला सांगितले. मी त्यांच्या जागी असतो तर हाकलून दिला असता. डॉक्टर कोणालाही हसून दाखवतात. अशा माणसाचे लोक ऐकत नाहीत.

सोजरबाई आया रोग्याचे डोके धरते. दात मिश्रीने काळे, अक्षरओळख नाही, आणि मला सगळ्यांदेखत "धोंडूबाळ" म्हणते. माझे नाव धोंडीराम आहे.

बुधवार, २१ जून

पुण्याच्या तपासनिसाचे पत्र आले. डॉक्टरांनी भराभर वाचून मराठीत सांगितले. तुकडे रक्तात आणि बुळबुळीत घाणीत लडबडलेले येतात, चिरडलेले असतात, नीट पाठवा. "धोंडीराम, जरा स्वच्छ पाठवत जा," असे म्हणून पुढचा रोगी घेतला.

म्हणजे दोष माझा! रोग्याच्या पोटात घाण, डॉक्टरांचा चिमटा बोथट, आणि बोल मला. रात्री जेवण गेले नाही.

विचार करता उपाय सापडला. माढ्याला आमच्या घरी निवडल्याशिवाय दाणा जात्यात जात नाही. आई सुपात ज्वारी घेऊन बसली की किडका, काळा, फुटका दाणा डोळे मिटून काढते. त्याच पद्धतीने तुकडे निवडायचे. पांढऱ्या टिपकागदावर पसरायचे, मिठाच्या पाण्याने धुवायचे, आणि जे करडे, रक्ताळलेले, बोट लावताच विरघळणारे असतील ते काढून टाकायचे. गुलाबी, घट्ट, अखंड तेवढे पाठवायचे. पुणेकराने पुन्हा तोंड उघडू नये.

गुरुवार, ६ जुलै

मैंदर्गीचा गुंडाप्पा नावाचा हॉटेलवाला आला. हॉटेल कसले, बाजाराच्या दिवशी भज्यांची कढई. वय पन्नास, आडवा बांधा. बरोबर बायको गौरम्मा. तिला कानडी येते, मराठी चार शब्द. तीन महिने पोट दुखते, भूक नाही.

"साहेब, तेल तापलं की मला मळमळतंय," तो म्हणाला. "भजीवाल्याला भज्याचा वास नको. उद्या मास्तराला पोरं नको व्हतील."

डॉक्टर खो खो हसले. रोगी विनोद करतो आणि डॉक्टर हसतात, मग तपासणी केव्हा व्हायची?

जठरात रुपयाएवढा व्रण निघाला. डॉक्टरांनी कडेचे आठ तुकडे घेतले. त्यांचा हा जपानी हट्ट आहे. म्हणतात, "वाईट रोग कडेला लपून बसतो. एका तुकड्यात चुकला तर दुसऱ्यात सापडतो." शिंप्याने एका माणसासाठी आठ सदरे बेतावेत तसे हे. आठांतले पाच तर बघवेनात इतके गचाळ, करडे, चिमट्यालाच चिकटून फाटलेले. ते टाकले. तीन उत्तम निघाले. चिठ्ठी लावली, लाख लावली, पार्सल दिले.

सोमवार, २४ जुलै

गुंडाप्पाचा कागद पुण्याहून आला. वाईट रोग नाही. कागदावर वर 'तीन तुकडे पोहोचले' असेही आहे. डॉक्टर म्हणाले, "तीनच? बाकीचे चिमट्यातच राहिले वाटतं." मी नळी धुवायला घेतली. त्यांना निवडण्याचे सांगितले तर म्हणतील, अरे वा, आणि सगळ्यांना सांगत सुटतील. मग सोजरबाईलाही निवडावेसे वाटेल. हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

पुणेकराची मात्र महिनाभरात एक तक्रार नाही. उलट परवाच्या कागदावर त्याने लिहिले होते की नमुने आता चांगले येतात.

गौरम्माने कागद कपाळाला लावला. इंग्रजी कागद! डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिले आणि दोन महिन्यांनी या म्हणाले.

बुधवार, ९ ऑगस्ट

डॉक्टर निबंध लिहीत आहेत. पुण्याला फेब्रुवारीत डॉक्टरांची परिषद आहे, तिथे वाचायचा. आज मला रजिस्टरातून जानेवारीपासूनचे आकडे काढायला लावले. डोळ्यांनी पाहून त्यांना जिथे कॅन्सर वाटला असे चौदा रोगी. त्यांतल्या चौघांचाच पुण्याने खरा ठरवला. जपानी पुस्तकात दहांपैकी नऊ खरे ठरतात म्हणे. तिकडे लोकांना दुखायच्या आधीच दुर्बिणीत बघतात, रोग अगदी अंगठीएवढा असताना कापून काढतात आणि माणूस पुढे वीस वर्षे जगतो.

"धोंडीराम," त्यांनी मलाच विचारले, "माझा डोळा चुकतोय की हात?"

मी म्हणालो, "पुण्याचा माणूस चुकत असेल, साहेब."

असे म्हणायचे असते म्हणून म्हणालो. खरे तर डॉक्टरांचा डोळाच कच्चा आहे. तीन महिने मुंबईत शिकले की कोणी जपानी होत नाही. सुटीच्या वेळेत रंगीत चित्रांचे पुस्तक उघडून बसतात आणि चहा गार होतो. मला त्यांची कीव येते.

बुधवार, २७ सप्टेंबर

गुंडाप्पा पुन्हा आला. सदरा अंगावर टांगल्यासारखा. औषधाने काही दिवस बरे होते, आता भाकरी चौथ्या घासाला अडते.

डोके धरून झाल्यावर सोजरबाई मोरीशी मला म्हणाली, "धोंडूबाळ, गेल्या खेपेला ह्याची मान दगडावानी जड हुती. आता कोंबडीवानी लागतीय हाताला. ह्यो माणूस जातोय बग."

मी म्हणालो, "पुण्याचा कागद आलाय, काही नाही म्हणून."

"कागदाला मान असती व्हय?"

असल्या बाईशी काय बोलायचे? वीस वर्षे बादल्या उचलल्या म्हणून वैद्य झाली.

डॉक्टरांनी या वेळी दहा तुकडे काढले. सगळे मिळून करडा लगदाच. निवडायला अर्धा तास गेला. दोन मिळाले, पण काय सुरेख! गुलाबाच्या पाकळीसारखे.

शनिवार, १४ ऑक्टोबर

कागद पुन्हा चांगला आला. तरी डॉक्टरांनी हट्ट धरला की ऑपरेशन करून बघू, मला व्रण आवडत नाही. 'आवडत नाही' हे काय शास्त्र झाले? सर्जनसाहेबही म्हणाले, "दोन रिपोर्ट नॉर्मल असताना मी पोट उघडू? उद्या काही झालं तर?"

गौरम्माने तर पदर खोचला. "बेड, बेड," म्हणाली, नको नको. दोन बोटे वर करून, "येरड कागद! काय न्हाय म्हनतंय." गुंडाप्पा म्हणाला, "साहेब, जपानच्या डोळ्यानं दोनदा बघितलं. आता आनि सुरी कशाला?"

डॉक्टर खुर्चीत बसून राहिले. "कागदापुढे माझं कोण ऐकणार," असे स्वतःशीच म्हणाले. मला मनातून बरे वाटले. निदान कोणाला तरी कागदाची किंमत कळते.

रविवार, १० डिसेंबर

आठवडाभर नव्हतो. माढ्याला चुलतबहिणीचा साखरपुडा होता. सगळे विचारतात, "दवाखान्यात काय करतूस?" सांगितले की तोंड वाकडे करतात. "मंजी लोकांच्या पोटातली घाण धुतूस की." बैलाच्या शेणात आयुष्य काढणारे हे लोक!

परत येऊन बघतो तर टिपकागद जसाच्या तसा. सोजरबाईला विचारले, बाटल्या कोणी भरल्या.

"मी भरल्या की. चिठ्ठ्या डाक्टरनी लिवल्या."

"तुकडे कसे भरले?"

"कसे मंजी? जे निघालं ते घातलं बाटलीत. त्येच्यात काय लगीन लावायचं हाय?"

एकूण नऊ बाटल्या अशा गेल्या. त्यांत गुंडाप्पाचीही. डॉक्टरांनी कार्ड टाकून बोलावून घेतले होते, गुरुवारी तपासून घेऊन गावी गेला. आता पुण्याची तक्रार येणार आणि ती माझ्या नावावर चढणार.

गुरुवार, २१ डिसेंबर

नऊ कागद एकदम आले. नवांपैकी चौघांना कॅन्सर! गुंडाप्पालाही. जून ते नोव्हेंबर एवढ्या महिन्यांत जेवढे निघाले नाहीत तेवढे एका आठवड्यात. मला ताबडतोब कळले काय झाले ते. कागद घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलो. म्हटले, आज सगळे स्पष्ट सांगावे.

"साहेब, हे कागद धरू नका. मी नव्हतो, सोजरबाईने न निवडता पाठवले. घाण पाठवली की घाणच दिसणार."

डॉक्टरांनी वर पाहिले. "न निवडता म्हणजे?"

मी सगळे नीट सांगितले. टिपकागद, मिठाचे पाणी, करडे बाजूला, गुलाबी बाटलीत. पुण्याच्या पत्रापासून एकही दिवस चुकलो नाही हेही सांगितले.

ते हसले नाहीत. "दाखव," म्हणाले.

सकाळच्या एका रोग्याचे सहा तुकडे अजून ठेवलेले होते. मी त्यांच्यासमोर निवडले. चार बाजूला काढले, दोन ठेवले. त्यांनी बाजूचे चार चिमट्याने उचलून हातातल्या बाटलीत घातले. मग म्हणाले, "कॅन्सर झालेलं मांस असंच असतं. करडं. ठिसूळ. हाताला लागलं की तुटतं. गुलाबी असतं ते निरोगी, शेजारचं."

मी म्हणालो, "पण आपणच स्वच्छ पाठव म्हणाला होतात."

"हो," ते म्हणाले. "म्हणालो होतो."

ओरडले असते तर बरे झाले असते.

शुक्रवार, २२ डिसेंबर

मला कोणी सांगितले होते का? सहा महिन्यांत एकाने तरी माझ्या टेबलाशी येऊन पाहिले का? 'तीन तुकडे पोहोचले' हे डॉक्टरांनीही वाचले होते. कॅन्सर करडा असतो हे मॅट्रिकच्या पुस्तकात नाही.

सर्जनसाहेब माझ्यासमोरच डॉक्टरांना म्हणाले, "याला अजून ठेवलाय? हमाल परवडला, तो निदान डोकं लावत नाही."

दिवसभर रजिस्टरातून नावे काढली. दुर्बिणीत व्रण दिसला आणि पुण्याचा कागद चांगला आला अशी एकेचाळीस. सगळ्यांना 'पुन्हा तपासणीस यावे' म्हणून कार्डे लिहिली. गुंडाप्पासह चौघांना 'नवा कागद वाईट आला आहे, ताबडतोब यावे' असे. अक्षर माझे चांगले आहे म्हणून हे कामही मलाच.

सोजरबाईला कळलेले आहे. एक शब्द बोलली नाही. टिपकागद मात्र उचलून कुठे तरी ठेवला. बोलली असती तर उत्तर तयार होते माझे.

शुक्रवार, २९ डिसेंबर

मैंदर्गीहून उत्तर आले, शाळामास्तरांकडून लिहवलेले. 'दोन कागद चांगले आले आहेत. तिसरा चुकून दुसऱ्याचा आला असेल. घरातून येण्यास तयारी नाही. क्षमा असावी.'

डॉक्टरांनी कार्ड माझ्यापुढे सरकवले. "उद्या तू जा."

"मी काय सांगू?"

"मला सांगितलंस तेच सांग. गुलाबी, करडं, सगळं."

शनिवार, ३० डिसेंबर

एस.टी.त उभे राहून गेलो. शेजारी एकजण कोंबडी घेऊन, ती माझ्या बुटावर.

गुंडाप्पाचे हॉटेल बंद. भट्टी थंड, कढई पालथी. तो बाहेर बाकावर घोंगडी घेऊन उन्हात बसला होता. मला आधी ओळखता आले नाही. त्याने ओळखले.

"या, दुर्बीणवाले! चहा घ्या. भिऊ नका, मी केला न्हाय, हिनं केलाय."

त्याने आत नेले. घरात देवाच्या फळीवर दोन्ही कागद उभे करून ठेवलेले. हळदकुंकू वाहिलेले. इंग्रजी ओळींवर बोटांचे पिवळे ठसे. असले अडाणी लोक, असे मनात आले, आणि मग पुढे काहीच येईना.

गौरम्मा पितळी पेल्यात चहा घेऊन आली. मी उभ्यानेच सुरुवात केली. म्हणालो, ते दोन कागद खोटे आहेत. पुण्याचा माणूस खोटा नाही, त्याच्याकडे पोहोचले ते खोटे होते. तुमच्या पोटातला रोग डॉक्टरांनी जुलैतच चिमट्याने काढला होता. मी तो बाजूला काढून टाकला. सप्टेंबरात पुन्हा टाकला. चांगले तेवढे पाठवले. हे बोलायला दहा मिनिटे लागली, कारण मी प्रत्येक गोष्ट क्रमाने सांगत होतो.

गौरम्माला अर्धे समजले नाही. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "येन अंतार?" काय म्हणतोय?

गुंडाप्पाने घोंगडी सावरली. मग तिला कानडीत सांगितले. चार शब्द असतील, फार तर पाच.

ती फळीजवळ गेली. कागद काढील असे वाटले. तिने उदबत्तीची राख पुसली, आत गेली आणि नवऱ्याचे धोतर पिशवीत भरू लागली. जाताजाता माझ्यापुढे भाकरी आणि शेंगाचटणी ठेवून गेली. मी खाल्ली. का खाल्ली ते मला सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत ती पुढे बायकांत बसली होती. मी गुंडाप्पाला विचारले, तिला काय सांगितले.

"तिसरा कागद खरा हाय, ह्यो न्यायला आलाय. एवढंच."

"आणि मी सांगितलेले?"

"तिला कशाला? ऱ्हायचंय तिला. कुनाच्या तरी नावानं बोटं मोडत बसंल जन्मभर." मग खिडकीबाहेर बघत त्याने विचारले, "ते टाकलेलं कुटं टाकत हुता तुमी?"

"मोरीत."

"मंजी माझं निम्मं पोट सोलापूरच्या गटारात गेलं." तो हसायला लागला, मग दोन्ही हातांनी पोट दाबून वाकला. मला वाटले माफ केले. नंतर वाटले, नसेल. तो अक्कलकोट येईपर्यंत माझ्याकडे वळला नाही.

मंगळवार, ९ जानेवारी १९७९

रक्त चढवणे, तपासण्या यांत आठवडा गेला. आज ऑपरेशन. सकाळी सर्जनसाहेब हात धुताना चिंतामणी डॉक्टरांना म्हणाले, "काढता आलं तर तीन तास तरी लागतील. पसरलं असलं तर उघडायचं, बघायचं आणि शिवायचं." मी टॉवेल घेऊन उभा होतो. मला ऐकू येते हे त्यांच्या गावीही नव्हते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आत नेले. जाताना गुंडाप्पा सोजरबाईला म्हणाला, "मावशी, डोकं धरायला तुमीच या." तिला आत सोडत नाहीत. ती दारापर्यंत त्याची मान हातात धरून गेली.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. शेजारी गौरम्मा. समोर घड्याळ. साडेनऊ. पावणेदहा. मी मनात म्हणत होतो, दहा तरी होऊ देत. अकरा होऊ देत. सर्जनसाहेब शिव्या घालोत, नोकरी जावो, पण काटा पुढे जाऊ दे.

नऊ वाजून पंचावन्न मिनिटांनी दार उघडले. सर्जनसाहेब हातमोजे ओढून काढत बाहेर आले आणि आमच्याकडे न बघता खोलीत गेले. मागून चिंतामणी डॉक्टर. ते दारातच थांबले. गौरम्माकडे आले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले.

गौरम्मा उठली. माझा हात धरून म्हणाली, "झालं? लौकर झालं की! डाक्टरचा हात लई चांगला." हसत होती. "तुमी आला म्हनून झालं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.

तिने कमरेच्या पिशवीतून कोरे कार्ड काढले. दिराला पाठवायचे होते. मी पायरीवर बसून लिहू लागलो. ती उभी राहून सांगत होती, अर्धे मराठीत, अर्धे खुणांनी. ऑपरेशन लवकर झाले. काळजी नसावी. आठ दिवसांत येतो. भट्टी सारवून ठेव.

लिहिले.